त्रेचाळीस नावांची शाळा

ज्योतीराम ओव्हाळ मास्तरांचं अक्षर इतकं देखणं होतं की, तालुक्याच्या कचेरीतले कारकून त्यांचा अर्ज आधी नुसता बघायचे आणि वाचायचे मागाहून. वळणदार, टपोरं, एका रेघेत बसलेलं अक्षर. वीस वर्षांत त्यांनी शाळेच्या रजिस्टरात कधी खाडाखोड केली नव्हती. ज्या दिवशी केली, त्या दिवशी शाळा जायला सुरुवात झाली. सांगायला एवढंच पुरेल, पण ज्यांची शाळा गेली त्यांना ते पुरेसं वाटणार नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

हिंगळवाडी हे गाव तळवड्याच्या पुढं, इंद्रायणीच्या काठाला होतं. गावात दोन शाळा होत्या. एक गावाची, मारुतीच्या देवळामागं, चौथीपर्यंत. दुसरी ओढ्यापलीकडं महारवाड्यात, सातवीपर्यंत. हे उलट असायला हवं होतं असं कुणाला वाटेल. गावालाही तसंच वाटायचं.

महारवाड्यातली शाळा काढली ती चिमाजी हवालदारांनी. पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला माणूस. परत आल्यावर नातवाला गावच्या शाळेत घातलं, तर पोराला अंगणात उन्हात बसवलेलं आणि पाटी तपासायची तर तिथले मास्तर लांबूनच म्हणायचे, "दाखव वर करून." चिमाजी पोराला घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ओढ्यातला पहिला दगड खांद्यावर घेतला. दर घरानं दगड द्यायचे असं ठरलं. कौलं चिंचवड स्टेशनवर उतरली, ती बायकांनी डोक्यावरून आणली. सहा मैल. गाव बघत होतं आणि हसत होतं. बोर्डाची मंजुरी यायला पुढं बारा वर्षं लागली, आणि आली ती 'हरिजन मुलांची खास शाळा' या नावानं. चिमाजींना तो शब्द घशात अडकायचा, पण मंजुरी त्याच शब्दावर होती, म्हणून त्यांनी तो गिळला.

ज्योतीराम याच शाळेत शिकले, पुण्याला जाऊन ट्रेनिंग करून आले आणि याच शाळेत मास्तर झाले. पुढं अर्जावर अर्ज करून, कचेरीच्या पायऱ्या झिजवून त्यांनी पाचवी आणली, सहावी आणली, आणि बावन्न साली सातवी आणली. त्या काळी सातवीची फायनल पास म्हणजे मोठी गोष्ट होती. फायनल पास झालेला पोलीस व्हायचा, तलाठी व्हायचा, मास्तर व्हायचा. खडकीच्या कारखान्यात आणि देहूरोडच्या लष्करी डेपोत त्याला नुसतं ओझं उचलावं लागायचं नाही.

शाळा पोरांची होती तेवढीच सगळ्या वाड्याची होती. लग्नं तिच्या अंगणात लागायची. पलटणीत गेलेल्या पोरांची पत्रं तिथं वाचली जायची, आणि रडायचं असेल तर तिथंच रडून घरी जायचं. कॉलऱ्याच्या साथीत बाकं बाहेर काढून माणसं आत निजवली होती. आणि एक रिवाज तर कुणी न ठरवताच पडून गेला होता. नवऱ्यानं मारलेली बाई शाळेच्या ओट्यावर येऊन बसली, तर तिला हात लावायचा नाही. नवरा अंगणाच्या कडेला उभा राहून शिव्या द्यायचा, पण पायरी चढायचा नाही. मास्तर आत गणित शिकवत असायचे. तास संपला की बाहेर येऊन विचारायचे, "काय झालं?" मास्तरांनी काय झालं विचारलं की निम्मे नवरे तिथंच पांगायचे.

गोजाबाई अशीच एकदा येऊन बसली होती, शालन पोटात असताना. पुढं तिचा नवरा डेपोतल्या अपघातात गेला. त्याच्यासाठी ती रडली, आणि आपण कशासाठी रडतोय हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. त्यानंतर ती वीटभट्टीवर राबली, लोकांची गवतं कापली, पण शालनला एक दिवस शाळेतून काढलं नाही. आपल्याला शाळेच्या ओट्यानं वाचवलं, तर पोरीला शाळा का वाचवणार नाही, असा तिचा सरळ हिशेब होता. छप्पन साली शालन सहावीत होती. पुढल्या वर्षी सातवी, मग फायनल, मग पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात. वाड्यातली एकही मुलगी तोवर फायनलला बसली नव्हती. शालन बसली असती. मास्तर म्हणायचे, "ही पास होणार नाही, ही नंबर काढणार." गोजाबाई ते ऐकायची, आणि त्या दिवशी विटा जरा हलक्या व्हायच्या.

आता उद्धवराव. गावच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष. बोलायला साखर. आधी मास्तरांना 'अरे ज्योत्या' म्हणायचे, स्वराज्य आल्यावर 'मास्तर' म्हणायला लागले, आणि हे आपण केवढं मोठं काम केलं असं त्यांना वाटायचं. त्यांचं दुखणं एकच होतं. गावातली पोरं चौथी झाली की पुढं शिकायला चाकणला पायपीट करायची. सातवीचा वर्ग अडीचशे पावलांवर होता, पण ओढ्यापलीकडं. तिथं आपली पोरं पाठवणं म्हणजे नाक कापून घेणं. वरून सरकारचं म्हणणं, एवढ्याशा गावाला सातवीचे दोन वर्ग मिळणार नाहीत. म्हणजे गावाला सातवी हवी असेल, तर ती महारवाड्यातून उचलूनच आणायला हवी. उद्धवराव चार वर्षं वाट बघत होते. त्यांना फार हालचाल करावी लागली नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला मास्तर, चिमाजी हवालदार आणि वाड्यातली आणखी तिघं नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली. आल्यावर सगळ्या वाड्यानं घरातले देव गोळा केले, टोपल्यांत भरले आणि इंद्रायणीच्या डोहात सोडले. म्हसोबा, मरीआई, खंडोबाचे टाक, सगळे. काही म्हाताऱ्या रडल्या. त्यांना कुणी रागावलं नाही. मग डिसेंबर आला आणि बाबासाहेब गेल्याची बातमी आली. त्या दिवशी वाड्यात चूल पेटली नाही. मास्तरांनी शाळा उघडली, पोरांना बसवलं, आणि दिवसभर फळ्याकडं पाठ करून बसून राहिले. पोरंही हलली नाहीत.

जानेवारीतल्या एका सोमवारी त्यांनी रजिस्टर काढलं. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढं जातीचा रकाना होता आणि त्या रकान्यात त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात 'हिंदू महार' असं त्रेचाळीस वेळा लिहिलेलं होतं. मास्तरांनी लाल शाईची दौत उघडली. एकेक नाव पुकारलं. पोर उभं राहिलं की मास्तर विचारायचे, "लिहू का?" पोर म्हणायचं, "लिवा, मास्तर." मग पट्टी ठेवून जुन्या शब्दावर एक रेघ, आणि वर नवा शब्द, बौद्ध. शालन शेजारी दौत धरून उभी होती. स्वतःचं नाव आलं तेव्हा तिनं विचारण्याची वाटच पाहिली नाही, आधीच मान हलवली. त्रेचाळीस नावं व्हायला अख्खा दिवस गेला. एवढी साफ खाडाखोड कुणी पाहिली नसेल.

वरच्या परवानगीशिवाय रजिस्टरातली नोंद बदलायची नसते, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं नाही. पोटापाण्याची बाब असती तर त्यांनी दहा अर्ज केले असते. पण आपण कोण आहोत हे लिहायला कुणाची परवानगी कशाला, असं त्यांना वाटलं. वाटलं ते खोटं नव्हतं. मग फेब्रुवारीत कचेरीला वार्षिक तक्ता पाठवायची वेळ आली. छापील तक्त्यात हरिजन मुलांचा रकाना होता, बौद्धांचा नव्हता. दुसऱ्या कुणी मुकाट्यानं जुन्या रकान्यात आकडा टाकून दिला असता. मास्तरांनी हरिजन मुलांपुढं शून्य लिहिलं, पट्टीनं आखून एक नवा रकाना पाडला, त्याला नाव दिलं आणि त्यात त्रेचाळीस लिहिले. तो तक्ता पोस्टात टाकताना त्यांची छाती भरून आली होती. चाकणच्या पोस्टमास्तरलाही त्यांनी उगाच तो दाखवला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण तिथं दांड्याला आपण काय करतोय याची घमेंड असते. इथं अभिमान होता. कुऱ्हाडीला त्यानं काही फरक पडत नाही.

तक्ता तालुक्याला पोचला आणि आठवड्यात उद्धवरावांच्या कानावर गेला. सुंठीवाचून खोकला गेला. त्यांनी एक साधा अर्ज केला. आमच्या गावी हरिजन मुलांची खास शाळा असून तीत आता एकही हरिजन मूल नाही. शिवाय स्वतंत्र भारतात मुलांनी वेगवेगळ्या शाळांत बसणं शोभत नाही. तरी दोन्ही शाळा एक करून सातवीचा वर्ग गावच्या शाळेत आणावा, ही विनंती. वाचणाऱ्याला वाटावं, काय थोर विचाराचा माणूस. पस्तीस वर्षांपूर्वी याच गावानं पोरं उन्हात बसवली नसती, तर दुसरी शाळा झालीच नसती, ही गोष्ट अर्जात नव्हती.

मार्चमध्ये दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबाला तिकडं दिपोटीच म्हणायचे. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं पोरांना प्रश्न विचारले, शालननं तोंडी व्याजाचं उदाहरण सोडवलं तेव्हा मान डोलावली. मग रजिस्टर उघडलं आणि बराच वेळ ती लाल पानं बघत राहिला.

"मास्तर," तो म्हणाला, "हे काय करून बसलात?"

"खरं ते लिहिलं, साहेब."

"खऱ्याखोट्याचं सोडा. ही शाळा कशाच्या नावावर मंजूर आहे? तीत ती मुलंच नाहीत असं तुम्हीच लिहून दिलंत. आता वर मी काय कळवू?" त्यानं रजिस्टर मिटलं. "असं करा. चुकून बदल झाला, असं दोन ओळींत लिहून द्या. जुनी नोंद कायम करा. बाकीचं मी बघतो. पंधरा दिवस थांबतो मी. त्यापुढं माझ्या हातात काही नाही."

मास्तरांनी रजिस्टर उचलून कपाटात ठेवलं. साहेबाला वाटलं, ते विचार करताहेत.

रविवारी शाळेच्या अंगणात वाडा जमला. पुरुष पुढं, बायका मागं. मास्तरांनी दिपोटीचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, आपलं मत घातलं नाही. मग एक जण म्हणाला, दोन ओळींनी शाळा राहत असेल तर काय हरकत आहे, आपण काय आहोत ते आपल्याला माहीत आहे. त्यावर चिमाजी हवालदार काठी टेकत उभे राहिले. ऐंशीला आलेले, एक डोळा गेलेला.

"ह्या शाळंचा पयला दगूड म्या आणला," ते म्हणाले. "ही पडली तर माज्यावानी कुणाला दुखनार न्हाई. पर देव डोहात टाकले, त्ये काय पुन्ना वर काडायचे? चुकून झालं म्हून लिवायचं? म्या चुकून न्हाई केलं. तुमी केलं का रं चुकून?"

नाही, असं सगळे म्हणाले. तरुण पोरांनी जयभीमचा घोष केला. हात वर झाले. बायकांचेही झाले. गोजाबाई मागच्या रांगेत होती. तिचा हात वर झाला की नाही, हे कुणी बघितलं नाही. ज्या घरांतून फायनलला बसणारं कुणी नव्हतं, त्या घरांतले हात सगळ्यांत उंच होते, हेही कुणी बघितलं नाही. मास्तर त्या दिवशी फार सुखात होते. आपण शिकवलेली माणसं अशी ताठ उभी राहिलेली बघणं, याहून मास्तरला दुसरं काय हवं असतं.

शनिवारी शाळा सारवायची असे. दर घराची पाळी ठरलेली. त्या शनिवारी पाळी गोजाबाईची होती. ती शेणाची पाटी घेऊन आली तेव्हा मास्तर मेजाशी बसून दिपोटीला उत्तर लिहीत होते. बदल चुकून झालेला नाही, विचारपूर्वक झाला आहे, अशी सुरुवात झाली होती. गोजाबाईनं एक कोपरा सारवला, दुसरा सारवला. मग मागं न बघताच म्हणाली,

"मास्तर, साळा जानार म्हंजी जानारच का?"

"बहुतेक जाणार."

"मग शालीची सातवी?"

"सातवी गावात होईल. आता कायदा आहे, गोजाबाई. तिला नाही म्हणायची कुणाची छाती नाही."

गोजाबाईनं हात थांबवला. "कायदा हाय, व्हय. पर ती तितं एकली बसनार. हितं ती तुमची शालन. तितं कोन?"

"सोसावं लागेल थोडं. आपण सगळेच सोसतोय."

ती पुन्हा सारवायला लागली. अर्धी खोली सारवून झाली. मग तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, पाणी कुठं आहे असं विचारावं तसं. "तुमच्या भास्करच्या दाखल्यावर काय लिवलंय?"

भास्कर हा मास्तरांचा मुलगा. चौपन्न साली मॅट्रिक झाला, 'हिंदू महार' असं लिहिलेल्या जुन्या दाखल्यावर राखीव जागा मिळाली आणि खडकीला कारखान्यात कारकून झाला. पंखा होता त्याच्या डोक्यावर. मास्तरांची लेखणी कागदावर टेकली होती, तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"ते... त्या वेळी तसंच लिहीत होते," ते म्हणाले.

"व्हय. त्या येळी," गोजाबाई म्हणाली. "म्या काय म्हनत न्हाई, मास्तर. इच्यारलं आपलं."

तिनं उरलेली खोली सारवली, दाराशी हात धुतले आणि गेली. मास्तर ठिपका पडलेला कागद हातात धरून बसले. तेव्हा त्यांना लख्ख कळलं की ताठ मान आपली आहे आणि तिची किंमत दुसऱ्याची पोरगी देणार आहे. भास्करचं नाव रजिस्टरात असतं, तर रविवारी आपण काय बोललो असतो, हेही त्यांनी स्वतःला विचारलं. वाड्यानं हात वर केले होते. आता मागं फिरलो तर चिमाजींना तोंड काय दाखवायचं? त्यांनी नवा कागद घेतला, तेच उत्तर पुन्हा लिहिलं आणि सोमवारी टाकलं. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. बरोबर होतं असं म्हणतानाही जीभ अडखळते.

एप्रिलच्या शेवटी हुकूम आला. बाकं, फळे आणि नकाशे बैलगाडीत घालून गावात नेले. रजिस्टरही नेलं. उद्धवराव स्वतः गाडीबरोबर आले होते. "मास्तर, आता भेदभाव मिटला बघा," ते म्हणाले. "एक गाव, एक शाळा. तुमच्यासारख्यांनी इतकी वर्षं हेच तर मागितलं." मास्तरांना यावर बोलायला जागाच नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. आयत्या बिळावर नागोबा बसला, आणि वर बिळालाच सांगत होता की बघ, मी तुला घर दिलं. रिकाम्या खोलीत चिमाजी हवालदार भिंतीला टेकून बसले होते. ते त्या पावसाळ्यातच गेले. त्यांचं काय झालं होतं हे डॉक्टरला सांगता आलं नाही.

जूनमध्ये गावच्या शाळेत सातवीचा वर्ग सुरू झाला. हेडमास्तर मास्तरांपेक्षा सतरा वर्षांनी लहान होता आणि त्याच्या अक्षराला कुणी अक्षर म्हटलं नसतं. वीस वर्षं शाळा चालवलेल्या ज्योतीराम ओव्हाळांना तिथं चौथ्या नंबरचे सहायक शिक्षक म्हणून घेतलं. त्यांच्याकडं पहिलीचा वर्ग दिला, आणि सातवीची हजेरी, कारण ते काम हेडमास्तरला कंटाळवाणं वाटायचं. महारवाड्यातली त्रेचाळीसपैकी सव्वीस पोरं पहिल्या दिवशी आली. कुणी त्यांना बाहेर बसवलं नाही. कायद्याची भीती होती. फक्त जागा अशी पडत गेली की ती सगळी दाराजवळच्या बाकांवर आली. सातवीत वाड्यातली एकच मुलगी होती. शालन दाराशेजारी एकटी बसायची, आणि प्रश्न विचारला की तिचा हात सगळ्यांच्या आधी वर व्हायचा. हेडमास्तरांना तो दिसायचा नाही.

पाण्याचा माठ ओसरीत होता. गावातली पोरं माठात पेला बुडवून पाणी प्यायची. वाड्यातल्या पोरांना शिपाई तांब्यानं वरून पाणी वाढायचा, पोरांनी ओंजळ धरायची. यात काही वावगं आहे असं कुणी म्हणत नव्हतं. स्वच्छतेसाठी केलंय, असं हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं. दोन दिवस मास्तर पाणी प्यायलेच नाहीत, घरी जाईपर्यंत थांबले.

तिसऱ्या दिवशी उकाडा असह्य होता. पाऊस नुसता हूल देत होता. पहिलीच्या साठ पोरांपुढं सकाळपासून पाढे ओरडून मास्तरांच्या घशाला कोरड पडली होती. मधल्या सुट्टीत ते ओसरीत आले. पेल्याकडं त्यांचा हात गेला, तसा शिपाई मधे आला. उद्धट नव्हता तो. "मास्तर, मी देतो ना," म्हणाला, आणि तांब्या उचलला. समोर हेडमास्तर खुर्चीत बसले होते. उद्धवरावही कसल्याशा कामानं आलेले होते, पान खात होते. पेला हिसकून घ्यायला एक क्षण पुरला असता. त्या एका क्षणात मास्तरांना पेन्शनीला राहिलेली सात वर्षं आठवली, आणि घर आठवलं, आणि तहान तर होतीच. त्यांनी वाकून ओंजळ धरली. पाणी वरून पडलं. ते प्यायले, सगळं प्यायले, आणि धोतराच्या सोग्यानं हनुवटी पुसून मागं वळले.

मागं शालन उभी होती. रांगेत तिचाच नंबर होता.

तिनं मास्तरांकडं बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. शिपायानं तांब्या कलता करून म्हटलं, "धर." शालन म्हणाली, "मला तहान न्हाई," आणि दाराशेजारच्या आपल्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढल्या दिवशीही नाही.

रविवारी मास्तर गोजाबाईच्या दारात गेले. रजिस्टर, ठराव, दिपोटी, सगळं त्यांना तोंडपाठ होतं, त्यातलं काही बोलायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं होतं. गोजाबाई तांदूळ निवडत होती. तिनं जयभीम केला आणि सूप बाजूला ठेवलं.

"शालन कुठं आहे?"

"कामाव गेलीया. पिंपरीकडं कारकान्याचं बांदकाम चाललंय तितं. घमेली उचलाया. आज बी हजेरी हाय त्यांची."

"गोजाबाई, मी हेडमास्तरांशी बोलतो. माठाचं काहीतरी करतो. वर अर्ज करतो. तिचं एक वर्ष आहे फक्त. तिला पाठव."

"म्या बी तेच म्हनलं तिला. म्हनलं, एक वरीस कड काढ, मास्तर हायेत की तितं." बोलावं की नाही, असं गोजाबाईला झालं असावं. मग ती बोलली, आणि तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, पोरीनं सांगितलं तसं ती सांगत होती. "ती म्हनली, कामाव नळ हाय, आई. ज्यानं त्यानं आपल्या हातानं सोडायचा आन् प्यायचं."

मास्तर दारात उभे राहिले. गोजाबाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं, कारण संध्याकाळपर्यंत तांदूळ निवडून व्हायचे होते.

सोमवारी मास्तर वेळेवर शाळेत गेले आणि सातवीची हजेरी घेतली. सलग एक महिना मूल आलं नाही तर नाव कमी करायचं, असा नियम होता. महिना भरला त्या दिवशी शालनच्या नावावर त्यांनी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं.